मासळीच्या नवीन हॉटेलात जेवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची देवगडची, लग्नानंतर पुण्यात आले त्याला 21 वर्षं झाली. शहरात मासळीचं नवीन हॉटेल उघडलं की आठवड्याभरात फोन सुरू होतात. मैत्रिणी, ऑफिसातली मंडळी, सोसायटीतले शेजारी, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

हॉटेल उघडल्या उघडल्या जावं की थोडं थांबावं?

मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाते. पहिल्या पंधरा दिवसांत स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते, वाढणाऱ्या मुलांना मेनू पाठ नसतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांनीच टेबलं भरलेली असतात. महिन्याभरात मात्र कळतं की या लोकांचा मासेवाल्याशी रोजचा व्यवहार आहे की फ्रीजरवर भिस्त आहे.

वार शक्यतो बुधवार किंवा शुक्रवार धरा. आपल्याकडे कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार, गुरुवार तर बऱ्याच घरांत. त्या दिवशी मासा कमी खपतो. रविवारी माल भरपूर येतो नि संपतोही, पण तव्यावर एका वेळी वीस तुकडे पडले की तळणीकडे लक्ष कुणाचं? रविवारीच जमणार असेल तर बाराच्या ठोक्याला पोचा. दीडनंतर वेटिंगमध्ये उभं राहून हाती लागतं ते उरलंसुरलं.

पुण्याला समुद्र नाही. मग इथे मासा ताजा मिळणार कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहाटे एकदा जाऊन बघा. कोकणातून, गुजरातमधून रात्रभर प्रवास करून गाड्या येतात, आंध्रातून रोहू-कटला येतो, उजनीची गोड्या पाण्यातली मासळीही येते. थर्माकोलच्या पेट्यांमध्ये बर्फाचा थर, त्यावर मासे, त्यावर पुन्हा बर्फ.

बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, असं आपल्या डोक्यात बसलंय. ते काढून टाका. होडीवरच बर्फात गेलेला आणि तिथून हॉटेलपर्यंत बर्फातच राहिलेला मासा हा बंदरावर चार तास उन्हात पडलेल्या माशापेक्षा कधीही चांगला. प्रश्न बर्फाचा नसतो, मध्ये कुठे बर्फ वितळला का, याचा असतो. फ्रोझनचं म्हणाल तर दगडासारखी गोठवलेली कोळंबी कालवणात चालून जाते. गोठवलेलं पापलेट तळलं की मात्र लगेच कळतं. मांस धाग्या-धाग्यांनी सुटण्याऐवजी भुसभुशीत होतं आणि तव्यावर पाणी सोडतं.

टेबलावर बसल्यावर पहिली गोष्ट काय करायची?

मेनू उघडायचाच नाही. आधी विचारायचं, "आज काय आलंय?"

माझी आजी बंदरावर जायची तेव्हा तिचा हाच एक प्रश्न असायचा, "आज काय गावलां?" घरातून काही ठरवून निघायचं नाही, जे गावलं असेल त्याप्रमाणे वाटण. तिरफळं (कोकणातला एक मसाला), ओलं खोबरं, आमसुलं घरात असायचीच. बांगडे मिळाले तर तिखलं (दाटसर तिखट कालवण), सौंदाळे मिळाले तर आमटी, काहीच नाही मिळालं तर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर).

हॉटेलातही हाच प्रश्न कामाचा. "सगळं आहे मॅडम, काय पाहिजे?" असं उत्तर आलं की मी सावध होते. समुद्र कुणालाच रोज सगळं देत नाही. मध्यंतरी मी आमच्या भागातल्या एका नवीन ठिकाणी गेले, तिथल्या मुलाने सांगितलं, "सुरमई आज नको ताई, कालची आहे. मुडदुशे सकाळी आलेत, ते घ्या." मेनूवर सुरमई थाळी मोठ्या अक्षरात छापलेली, दरही तिचाच जास्त, आणि तरी तो नको म्हणाला. मुडदुशे आले ते बोटभर लांबीचे, पातळ रव्यात तळलेले, शेपट्या कुरकुरीत नि आत पांढरंशुभ्र. त्या हॉटेलात मी त्यानंतर चार वेळा गेले आहे.

मासा दाखवा म्हटलं तर वाईट दिसतं का?

अजिबात नाही. हक्काने मागा. चांगली हॉटेलं स्वतःहून स्टीलच्या ताटात मासे घेऊन टेबलापाशी येतात.

बघायचं काय? डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत. खोल गेलेले, दुधाळ झालेले नकोत. कल्ले उचलायला सांगा, आतून लालबुंद असले पाहिजेत, तपकिरी झाले की मासा जुना. बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. वास समुद्राचा यावा, तीव्र आंबूस वास आला की ताट परत पाठवा. नुसते तुकडे दाखवले तर कापलेल्या बाजूला चमक आहे का आणि मांस काट्याला धरून आहे का, ते बघा.

कोळंबीचं डोकं काळं पडून लोंबत असेल तर नको. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, जिवंत असाव्यात आणि हातात जड लागाव्यात. आमच्याकडे म्हणतात की अमावास्येच्या सुमारास कुर्ल्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ. मी अजूनही कालनिर्णय बघूनच कुर्ल्या मागवते. तिसऱ्या, कालवं यांची शिंपली शिजवण्याआधी मिटलेली हवीत. ताटात आल्यावर एखादी शिंपली मिटलेलीच दिसली तर ती जबरदस्तीने उघडून खाऊ नका, बाजूला ठेवा.

मेनूवर नुसतं 'फिश फ्राय', 'फिश टिक्का' लिहिलंय. ते कुठल्या माशाचं असतं?

बहुतेक वेळा बासाचं, म्हणजे तळ्यात वाढवलेल्या पंगसचं. बासा खाण्यात काही वाईट नाही. स्वस्त असतो, काटे नसतात, मुलं आवडीने खातात. पण त्याला बासाच म्हणावं आणि दरही बासाचाच लावावा. रावसाच्या नावाखाली बासा खपवतात, ही तक्रार माझ्या कानावर अनेकदा आलेली आहे. म्हणून माशाचं नाव विचारा. शंका आली तर कातडीसकट तुकडा मागा. कातडी काढून आलेल्या, मसाल्याने माखलेल्या चौकोनी तुकड्यावरून भल्याभल्यांना मासा ओळखता येत नाही.

जून-जुलैमध्ये जावं का? तेव्हा मासेमारी बंद असते ना?

असते. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. बिगरयांत्रिक होड्यांना मोकळीक असते, त्यामुळे किनाऱ्यालगतची आणि खाडीतली थोडी मासळी येत राहते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या नौका समुद्रात जातात आणि आपल्याकडे तो माल येऊ लागतो. शेततळ्यातली कोळंबी तर बाराही महिने मिळते.

तेव्हा पावसाळ्यात हॉटेलात जायला हरकत नाही, फक्त मागवताना डोकं चालवा. जुलैत कुणी "कालच मालवणहून आलेली सुरमई" म्हणालं तर ती ट्रॉलरवरची नक्कीच नाही, मग कुठली, असा पुढचा प्रश्न विचारा. त्या दिवसांत मी खाडीचे मासे, खेकडे नाहीतर सरळ सुकी मासळी मागवते. सोड्यांची खिचडी, सुकटीची चटणी, सुक्या बोंबलांचं कालवण. कोकणात पावसाळ्यासाठीच तर ही बेगमी करून ठेवतात. बाहेर पाऊस कोसळत असताना गरम तांदळाच्या भाकरीबरोबर भाजलेला सुका बांगडा खाऊन बघा.

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात. बरेच कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ अर्पण करूनच होडी लोटतात. इकडे पुण्यात तेव्हा श्रावण असतो. ज्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत त्यांनी त्या महिन्यात हॉटेलं गाठावीत, गर्दी नसते आणि मासा उत्तम असतो.

मालवणी, गोमंतकीय, आगरी-कोळी, मंगळुरी... नक्की फरक काय?

मसाला वेगळा, आंबटपणा वेगळा, सोबतीला येणारं अन्नही वेगळं.

मालवणी कालवणात ओलं खोबरं, भरपूर गरम मसाले असलेला मालवणी मसाला आणि आंबटपणाला आमसूल. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाला तिरफळ हवंच. गोमंतकीय हुमण त्यापेक्षा सौम्य असतं. खोबरं, सुक्या मिरच्या, धणे एकत्र गंधासारखं वाटायचं नि बरोबर उकड्या तांदळाचा भात. आगरी-कोळी पद्धतीत खोबरं बेताचं किंवा नसतंच. लसूण, चिंच आणि त्यांचा घरगुती मसाला यांवर झणझणीत पातळ कालवण, सोबत तांदळाची भाकरी. मंगळुरी गस्सी दाट असते आणि नीर डोशाबरोबर खातात.

एकाच हॉटेलात हे चारही प्रकार, शिवाय केरळी मोईली आणि बंगाली मोहरीतला मासा असेल तर एका भांड्यातल्या एकाच ग्रेव्हीला सहा नावं दिलेली असण्याची शक्यता जास्त. मालकाचं किंवा आचाऱ्याचं गाव विचारा आणि त्या गावचं मागवा. गाव विचारलं की माणसं खुलतात, आणि आतून तुमच्यासाठी गाबोळी (माशाची अंडी) तळून येते, हा माझा अनुभव आहे.

बरं, कोळंबी कोळीवाडा हा प्रकार कोळ्यांच्या घरातला नव्हे. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी मंडळींचा तो हातखंडा. चवीला छानच आहे, फक्त तो खाऊन कोळी जेवण जेवलो असं समजू नका.

थाळी घ्यावी की सुटे पदार्थ?

पहिल्या भेटीत थाळी. एका ताटात तळलेला तुकडा, कालवण, सुकट किंवा तिसऱ्यांचं सुकं, भाकरी, भात, सोलकढी, सगळ्याची परीक्षा होते. मी आधी नुसतं कालवण भातावर घेऊन बघते. तळण्यात मसाला बरंच काही झाकतो, कालवणात काहीच लपत नाही. खोबरं कच्चं राहिलंय, चिंचेने आमसुलाची जागा घेतली आहे, पीठ लावून दाटपणा आणला आहे, दोन घासांत समजतं.

दुसऱ्या भेटीत सुटं मागवा. चौघं असाल तर एक मोठा मासा पुरतो. डोक्याचं आणि पोटाकडच्या तुकड्यांचं कालवण आणि मधले तुकडे तळून, असं सांगितलंत तर चांगलं हॉटेल नाही म्हणत नाही. बोंबील असतील तर मात्र चुकवू नका. ओल्या बोंबलात पाणी फार, म्हणून चिरून, मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवावे लागतात. आमच्याकडे पाट्याखाली ठेवायचे. हॉटेलात हे काम टाळलं की वरून कुरकुरीत नि आतून गिळगिळीत बोंबील येतो. नीट दाबलेला बोंबील हातात धरला तर वाकत नाही आणि तोंडात टाकला की विरघळतो.

दरासमोर 'साइझप्रमाणे' लिहिलंय. फसवणूक तर नाही ना?

फसवणूक नाही, पण गोंधळ हमखास होतो. पापलेट, शेवंड (लॉबस्टर), मोठे खेकडे वजनावर विकले जातात. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा: वजन किती, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि या एका नगाचे शेवटी किती पैसे होतील. आकडा तोंडी ऐकून मगच हो म्हणा. ऑफिसच्या पार्टीत आम्ही हे विचारलं नाही आणि दोन तंदुरी पापलेटांचं बिल सहा थाळ्यांपेक्षा जास्त झालं.

छोटी पापलेटं स्वस्त मिळतात. घ्यावीत का?

कृपा करून घेऊ नका. 2023 मध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी राज्य सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर आहे. अंडी घालण्याआधीच पिल्लं पकडली गेली तर पुढच्या वर्षी पापलेटं यायची कुठून? पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार किती वर्षं याच काळजीत आहेत.

तळहाताएवढं पापलेट थाळीत दिसलं तर मी परत पाठवते आणि कारणही सांगते. वाढणाऱ्या मुलावर चिडत नाही, मालकाला बोलावून शांतपणे सांगते. गिऱ्हाईकच मागत नाही म्हटल्यावर हॉटेलवाला घेणं बंद करतो. त्याऐवजी बांगडा खा, तारली खा, मांदेली खा. बांगडा आणि तारली स्वस्त आहेत, पौष्टिक आहेत आणि माझ्या मते चवीला पापलेटापेक्षा दोन पावलं पुढेच.

लहान मुलांना कोणता मासा द्यावा? काटा अडकला तर?

सुरमईचा मधला तुकडा किंवा पापलेट. मोठा काटा मधोमध असतो, बाजूचं मांस सहज सुटतं. कर्ली चवीला अप्रतिम, पण काट्यांचं जाळं. ती मुलांना नको आणि पहिल्यांदाच मासे खाणाऱ्या मोठ्यांनाही नको. मुलाच्या ताटातला प्रत्येक घास स्वतःच्या बोटांनी चाचपून द्या.

काटा अडकला की भाताचा कोरडा गोळा गिळायला सांगतात. तसं करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. थोडं पाणी प्या, खोकून बघा. टोचणं थांबत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. गिळताना त्रास होत असेल, लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठा.

मासे खाऊन त्रास होतो तो कशामुळे?

कारणं वेगवेगळी असतात. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणारे बरेच जण असतात. त्यांनी ऑर्डर देतानाच सांगावं, कारण तळणीचं तेल बहुधा एकच असतं. अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वास लागणं असं काही झालं तर लगेच डॉक्टर.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांसारखे मासे पकडल्यावर थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. काही वर्षांपूर्वी प्रवासात एका हॉटेलात मी बांगड्याचं तिखलं मागवलं. पहिल्याच घासाला जीभ चुणचुणली. मला वाटलं तिरफळ दाताखाली आलं, त्यानेही जीभ अशीच बधिर होते. मग खातच राहिले. अर्ध्या तासात चेहरा लाल, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "मासा खाल्लात का?" आणि ॲलर्जीवरचं औषध दिलं. तेव्हापासून बांगड्याचा नुसता तुकडा आधी जिभेवर ठेवून बघते. आमटी बाजूला सारून चाखलेला मासा चुणचुणला तर तिरफळाला दोष न देता ताट बाजूला करायचं.

गरोदर बायकांनी कच्ची किंवा अर्धकच्ची कालवं टाळावीत, आणि मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासेही, कारण त्यांत पारा साठतो. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड येतं या समजाला वैद्यकीय आधार नाही. आयुर्वेद हे विरुद्ध अन्न मानतो, ज्यांना पाळायचं त्यांनी जरूर पाळावं.

आमच्यात दोघं शाकाहारी आहेत. त्यांचं काय?

पुण्यात हा प्रश्न येणारच. चांगल्या मालवणी हॉटेलात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मिळतात, आंबोळ्या असतात, कधी फणसाची भाजी. पनीर मसाला मागवून त्यांना कंटाळवाणं जेवायला लावू नका. फक्त फोन करून आधी विचारा: तवा, तेल आणि झारा वेगळा असतो का? नाही म्हणाले तर त्यांना त्या हॉटेलात ओढून नेऊ नये. त्यांचं मन राखायचं तर दुसरीकडे जेवा आणि मासे दुसऱ्या दिवशी खा.

सोलकढी खरी कशी ओळखायची?

रंगावरून. खरी सोलकढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट असते. गडद राणी रंग दिसला तर बीट किंवा रंग मिसळलेला असू शकतो. ठेवल्यावर नारळाचं दूध नि पाणी थोडं वेगळं होतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही, ताज्या दुधाची खूण आहे. ढवळा आणि प्या.

बिलात काय तपासायचं?

14 अंकी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, बिलावर आणि दर्शनी भागात असायला हवा. साध्या, स्वतंत्र हॉटेलात जीएसटी 5 टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, तो आपोआप बिलात लावता येत नाही. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे निर्देश दिले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. काढून टाका म्हणून सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. वाढणाऱ्या मुलाने मनापासून वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.

पार्सल घ्यावं का?

कालवण घ्या, तळलेलं नको. बंद डब्यात वाफ धरते आणि रव्याचं साल ओलं होऊन गळून पडतं. कालवण घरी नेऊन लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून मंद आचेवर गरम करा, पळीने ढवळू नका, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवा. तुकडे अख्खे राहतात. मुरलेलं कालवण आणि गरम भात, आमच्या घरी त्यासाठी भांडणं होतात.

हाताचा वास जात नाही, काय करू?

साबणाआधी लिंबाची फोड चोळा. हॉटेलात लिंबू नसेल तर ताटातलं आमसूल चोळून हात धुवा. काटा-चमचा मागू नका, काटा शोधायला बोटंच लागतात.